अश्रूंहून खारट नको

एकदा एका वृद्ध वैद्यांना सकाळीच शेजारच्या गावी जावे लागले आणि दवाखाना त्यांनी प्रथमच आपल्या शिष्येच्या हाती सोपवला. हेमांगीला कोण आनंद झाला! दोन वर्षे ती या दिवसाची वाट पाहत होती.

दुपारी एक बांगड्यांचा व्यापारी आपल्या पाच वर्षांच्या लेकीला खांद्यावर टाकून धावत आला. पोरीला सकाळपासून जुलाब होत होते. ती रडत होती, पण डोळ्यांतून टिपूस येत नव्हते. हेमांगीला उपाय तोंडपाठ होता: उकळून गार केलेल्या लिटरभर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. पण ती पडली आचाऱ्याची लेक! वाढताना हात आखडला तर घराण्याची नाचक्की, हेच ऐकत ती वाढलेली. दारी आलेल्या एवढ्याशा जिवाला अर्धा चमचा मोजून द्यायचा? तिने साखर मुठीने घातली, मीठही सढळ हाताने टाकले आणि मोठ्या उत्साहाने पाजू लागली.

दोन तासांत जुलाब वाढले. पोरीची जीभ कोरडी पडली, डोळे खोल गेले.

तेवढ्यात वैद्य परतले. त्यांनी भांड्यातले पाणी बोटाने चाखले आणि चमचा मोजून नवे पाणी केले. ते घोटघोट पाजत राहायला व्यापाऱ्याला सांगितले. मग ते चक्क काकडी चिरायला बसले! पोर जायला टेकली आहे आणि यांना काकडी सुचते आहे, म्हणून व्यापारी भडकला. वैद्यांनी मान वर केली नाही. निम्म्या चकत्या साध्या पाण्यात, निम्म्या हेमांगीच्या उरलेल्या पाण्यात टाकून त्यांनी तिला समोर बसवले.

अर्ध्या तासाने साध्या पाण्यातल्या चकत्या ताठ, कुरकुरीत होत्या. तिच्या पाण्यातल्या पार लुळ्या पडल्या होत्या. कोशिंबिरीत मीठ आधी पडले की पाणी सुटते, हे तिने हजारदा पाहिले होते. आपण पोरीच्या पोटात तेच केले, हे ध्यानात येताच ती रडू लागली.

"पेशीचं आवरण पातळ असतं, पण ते आपल्या नियमाने चालतं," वैद्य म्हणाले. "जिकडे मीठ-साखर दाट, तिकडे पाणी ओढलं जातं. तू दाट पाजलंस, म्हणून पोरीच्याच अंगातलं पाणी आतड्यात उतरलं."

मग नुसते पाणीच द्यायला हवे होते का, असे तिने विचारले.

"तेही पुरत नाही. आतड्याच्या पेशींना एक दार आहे. मीठ आणि साखर जोडीने आली तरच ते उघडतं. ती आत गेली की त्यांच्यामागोमाग पाणी जातं. म्हणून दोन्ही हवीत, आणि बेताचीच हवीत. चमचा मोजायचा, आणि वर चाखूनही बघायचं. आत्ता तुझ्या ओठावर आलंय ना, त्याची चव लक्षात ठेव. पाणी त्याहून खारट लागलं, तर खुशाल ओतून दे."

हेमांगीने ओठांवरून जीभ फिरवली. मग व्यापाऱ्याच्या हातून चमचा घेतला आणि संध्याकाळपर्यंत ती पोरीजवळून हलली नाही.

दिवस मावळता मावळता पोरगी उठून बसली. तिला समोरची काकडी दिसली आणि ती हवीच झाली. बाप नको म्हणाला तशी तिने भोकाड पसरले. हेमांगी धावली, पोरीचे तोंड दोन्ही हातांत धरून पाहू लागली आणि हसतच सुटली. पोर एवढी रडते आहे आणि ही हसते काय, हे बिचाऱ्या व्यापाऱ्याला कळेना.

"गुरुजी, बघा," ती म्हणाली, "हिच्या डोळ्यांत पाणी आलंय!"

किती दिले यापेक्षा किती अंगी लागले, हे पाहायला ती त्या दिवशी शिकली.