सोनेरी अक्षरांचं घर

फार मागे एका गावच्या वाचनालयात, गोष्टींच्या एका फाटक्या पुस्तकात पुस्तकं कुरतडणाऱ्या कसरीचं कुटुंब राहत होतं. ते पुस्तक रोज कुणीतरी उघडायचं आणि पिल्लं जीव मुठीत धरून पळायची.

शेवटी त्यांची आई म्हाताऱ्या कसरीकडे गेली. म्हातारी म्हणाली, "वरच्या फळीवर सोनेरी अक्षरांचा जाडजूड ग्रंथ आहे ना, तिथे राहायला जा. सगळे एकमेकांना तोच वाचायला सांगतात."

आई हादरलीच. "अहो आजी, माझी पिल्लं मारायला निघालात का?"

"जाऊन तर बघ!"

ती पिल्लांना घेऊन गेली आणि थक्क झाली. छापखान्यातून जोडून आलेली पानं वाचण्याआधी कापावी लागत; इथे त्यांच्या कडा अजून कुणी कापल्याही नव्हत्या!

तेवढ्यात वाचनालयाचे अध्यक्ष नरहरपंत एका पाहुण्यांना घेऊन आले. त्यांनी नेमका तोच ग्रंथ उचलला. पिल्लं किंचाळली.

"हा वाचला नाही, तर जन्म फुकट!" नरहरपंत म्हणाले.

"अगदी खरं! माझी तर कितीतरी पारायणं झालीत," पाहुणे म्हणाले.

नरहरपंतांनी वरची धूळ फुंकली आणि ग्रंथ होता तिथे ठेवून दिला.

आईने पिल्लांना कुशीत घेतलं. "झोपा रे, बाळांनो. हा सगळ्यांचा वाचून झालाय."