चाळीपुढचा फोटो

“बाबा, एखादं नाव तोंडातल्या तोंडात वाचलं, तर काय बिघडंल?”

खंडेरावांनी विचारलं आणि घाम पुसला. तक्याच्या ओसरीवर गार सावली होती, तरी घाम काही थांबेना.

या तक्यात राहणारे फकीर दस्तगीरबाबा मेथी निवडत होते. त्यांनी मान वर केली नाही.

कांदाचाळींच्या, म्हणजे कांदा साठवायच्या लांबट छपरांच्या, अनुदानाची यादी गावात आली होती. उद्या सकाळी ती चावडीवर वाचायची होती. सरकारी यादी बाबांनीच वाचायची, असा गावाचा रिवाज. फकिराला ना शेत ना सोयरा, तो कुणाची बाजू घेणार? ज्याचं नाव येईल त्यानं उठायचं, आपली चाळ कुठे आहे ते हात करून दाखवायचं. मग सगळं गाव ती बघायला चालत जायचं.

खंडेराव हात कुठे करणार होते? त्यांच्या रानात चाळीची एक पट्टीसुद्धा नव्हती.

दर गुरुवारी बाबांच्या पायाशी बसणारे आणि घरी जाताना गावाला खरंखोटं शिकवणारे हे शिष्य. त्यांनी शेजारच्या ठकूबाईंच्या चाळीपुढे उभं राहून फोटो काढला, तो अर्जाला लावला आणि अनुदान उचललं. म्हातारीनं ती चाळ पाटल्या मोडून बांधली होती. मागून तिनं अर्ज केला, तर या चाळीचं अनुदान आधीच दिलंय म्हणून तो परत आला. कुणाला दिलं, ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

उद्या तिला ते कळणार होतं.

“भीती कुणाची वाटते, खंडू?” बाबांनी विचारलं.

“गावाची.”

बाबा मेथीच्या काड्या बाजूला करत राहिले...

“ठकूमावशीची,” खंडेराव हळूच म्हणाले. “मी फोटो काढत होतो ना, तवा ती आतनं चहा घेऊन आली. उन्हात उभा राहू नको म्हणाली.”

 मग ते घाईघाईनं बोलू लागले. गावातल्या माणसांना आपण समजावू, कुणी ब्र काढणार नाही. बाबांनी फक्त ते एक नाव हळू वाचावं.

“म्हातारीला तसंही कमी ऐकू येतं,” ते म्हणाले.

बाबांचे हात थांबले.

“ती सकाळी आली होती.”

खंडेराव पुढे सरकले. “काय म्हणाली?”

“म्हणाली, माझं नाव यादीत असलं तर वाचल्यावर जरा थांबा. मला उठायला वेळ लागतो.”



मग बाबांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला, सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि खंडेरावांच्या हातात ठेवला.

“उद्या यादी तू वाच.”

 चष्मा परत द्यायला खंडेरावांनी हात पुढे केला, पण बाबांनी मेथीची पुढची जुडी सोडायला घेतली होती.

“आणि बाबा... माझं नाव आलं की काय करू?”

“मोठ्यानं वाच. म्हातारीला कमी ऐकू येतं.”