टिटवीचा डोंगर

जंगलाला अजून कुंपण पडलं नव्हतं तेव्हाची गोष्ट. पाणवठ्यावर पाणी पिण्याआधी जो तो आपापल्या देवाला नमस्कार करी. वानर झाडाच्या शेंड्याकडे बघून हुप्प करी, ससा जमिनीला कान लावी, टिटवी मावळतीच्या डोंगराकडे तोंड करून ओरडे. म्होरक्या सांबराला या गोंगाटाची लाज वाटे. त्याचा देव उगवता सूर्य, आणि त्याला नमस्कार करायचा तो डोळे मिटून, गुपचूप.

"काय बाजार मांडलाय हा?" एकदा तो कडाडला. "उद्यापासून सगळ्यांनी उगवतीकडे तोंड करायचं आणि डोळे मिटायचे."

"आणि माझा डोंगर, दादा?" टिटवीने विचारलं.

"डोंगर काही पळून जात नाही."

दुसऱ्या दिवशी प्रार्थना अगदी देखणी झाली. सांबराने समाधानाने डोळे उघडले, तर शेजारी त्याचा मेहुणा नव्हता. न सांगता उठून गेला म्हणून सांबर चिडला. नंतरच्या सकाळी एक चितळ कमी झालं. हल्ली शिस्त कुणालाच नको असते, असं सांबर सगळ्यांना ऐकवत राहिला.

पुढच्या सकाळी, मधूनच कोण सटकतं ते पकडायला त्याने हळूच मागे वळून पाहिलं. मावळतीच्या गवतात बिबट्या बसला होता आणि मोठ्या भक्तिभावाने प्रार्थनेची वाट बघत होता. सांबराने आरोळी ठोकली. सगळे पळाले म्हणून वाचले.

संध्याकाळी सांबर टिटवीकडे गेला.

"टिटवीताई," तो खाली मान घालून म्हणाला, "उद्यापासून तुमच्या डोंगरालाच नमस्कार करा. आणि जरा मोठ्याने करा. मला डोळे मिटायचे असतात."