कातडं गुंडाळलेली घंटा

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की ते गाव कुठल्या राज्यात होतं हे सांगणारंही आता कोणी उरलं नाही. एवढं मात्र नक्की, की गाव खाडीच्या काठी होतं आणि गावातली माणसं मीठ पिकवीत.

मीठ पिकवणं म्हणजे खाडीशी रोजची घासाघीस. समुद्राचं पाणी हवं, पण बेताचं हवं. म्हणून गावाने मातीचा लांबलचक बांध घातला होता आणि बांधात एक लाकडी दार ठेवलं होतं. त्या दाराला सगळे उघाडी म्हणत. हवं तेवढं पाणी आत घेतलं, की पुढच्या भरत्यांना उघाडी बंद करायची, ओहोटी लागली की उघडायची. घरटी पाळी ठरलेली असे. ज्याची पाळी, त्याने उघाडीपाशी बसायचं आणि जागं राहायचं. काम सोपं होतं. सोप्या कामातच माणसाला झोप येते.

गावात एक छोटंसं चर्च होतं. त्याच्या अंगणात जाड लाकडी चौकटीला कांशाची घंटा टांगलेली होती. रविवारी ती प्रार्थनेला बोलवी, आणि बांधाला कुठे खांड पडली, पाणी आत घुसलं, तर मदतीला बोलवी. तिचा आवाज खाडीपलीकडच्या वस्तीपर्यंत जाई. घंटेवर उठावाच्या अक्षरांत एक नाव होतं, गावच्या कारभाऱ्याच्या आजोबांचं. घंटा त्यांनी दिली होती आणि गावाने हे विसरू नये याची काळजी कारभारी स्वतः घेत असे.

कारभारी माणूस वाईट नव्हता. शब्दाचा पक्का, कामाला वाघ. फक्त राग नाकावर. त्याला एक धाकटा भाऊ होता, इनास नावाचा. मनमिळाऊ, गाण्याचा शौकीन आणि झोपाळू.

एका वर्षी मीठ अगदी हाताशी आलं होतं. इनासची पाळी होती. दुपारच्या वाऱ्यात त्याचा डोळा लागला, भरती आली आणि उघड्या राहिलेल्या उघाडीतून पाणी आत शिरलं. गावाचं बरंचसं मीठ पुन्हा पाण्यात गेलं.

कारभाऱ्याचं डोकं फिरलं. गाव गोळा करायला तो घंटेकडे धावला, पण दोरी ओढण्याइतकाही धीर त्याला धरवेना. तिथे पडलेला लोखंडी घण उचलून त्याने घंटेवर घातला. गाव जमलं. सगळ्यांदेखत इनासने भावाचे पाय धरले आणि चूक कबूल केली.

कारभारी पाय सोडवून घेत म्हणाला, "मला भाऊ नाही."

इनास बायकोला घेऊन खाडीपलीकडे राहायला गेला. जाताना त्याने घरातून एकच वस्तू मागून नेली, दोघा भावांना आई ज्यात वाढायची तो कांशाचा थाळा. आणि इकडे घंटेला त्या घावाने भेग पडली ती पडलीच. भेग कशी पडली हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणूनच त्याविषयी कोणी बोलत नसे.

त्या दिवसापासून घंटा खळखळ वाजू लागली, डबड्यात खडे घालून हलवावेत तशी. तो आवाज कारभाऱ्याला सोसवेना. आपण केलेलं कुणीतरी चारचौघांत बोलून दाखवतंय असं त्याला वाटे. तो फार देवभक्त झाला. चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसू लागला, शुक्रवारचा उपास धरू लागला, वेदीपुढच्या दिव्याला तेल त्याच्याच घरून येऊ लागलं. गुडघे टेकून टेकून गुडघ्यांना घट्टे पडले. लोक म्हणत, कारभारी अगदी बदलले. त्याच्या बायकोला मात्र खरं काय ते माहीत होतं. इनासचं नाव निघालं की हा माणूस अजून जेवणावरून उठून जाई.

शेवटी कारभाऱ्याने ओताऱ्याला बोलावलं. ओताऱ्याने भेगेवरून बोट फिरवलं आणि सांगितलं, की ही फोडून, वितळवून पुन्हा ओतावी लागेल.

"आणि वरचं नाव?" कारभाऱ्याने विचारलं.

"वितळल्यावर नाव कसलं राहतंय," ओतारी म्हणाला.

मग नाही, कारभारी म्हणाला, भेग बुजव. ओताऱ्याने भेगेत शिसं भरलं, चिंच लावून घंटा घासली, लखलखीत केली. मग दोरी ओढली, तर पुन्हा तीच खळखळ. सण तोंडावर आला होता. तेव्हा कारभाऱ्याच्याच डोक्यात ती युक्ती आली. घंटेच्या आतल्या लोळ्याला त्याने मेंढीचं जाड कातडं गुंडाळायला लावलं.

आता घंटा थप थप वाजू लागली. खळखळ गेली. सणाच्या दिवशी सगळे म्हणाले, किती सौम्य आवाज झालाय. विहिरीपलीकडे तो ऐकूच येत नाही, हे कोणी म्हणालं नाही. पाद्रीबाबांच्या लक्षात आलं होतं, पण कारभाऱ्याला कोण सांगणार? त्यांनी घंटेवर पवित्र पाणी शिंपडलं आणि ते आत निघून गेले.

पुढच्या मोठ्या उधाणाला बांधाला खांड पडली. भर दुपार होती, गाव जेवून आडवं झालं होतं. कारभारी एकटाच मिठाच्या आगरात फिरत होता, त्याने पाणी घुसताना पाहिलं. मिठाच्या राशी नुकत्याच ओढून काठावर रचल्या होत्या. या वर्षी त्या गेल्या तर गावाने वर्षभर खायचं काय, हा प्रश्न होता. तो धावत घंटेकडे गेला आणि दोरीला लोंबकळला. थप. थप. कोणी आलं नाही. त्याने नखांनी कातडं ओरबाडून काढलं, पुन्हा दोरी ओढली. खळ्ळ. जवळच्या घरातल्या बाईला वाटलं, शेजारणीच्या हातून भांडं पडलं. तिने कूस बदलली.

तो घरोघर दारं बडवत फिरला, तेव्हा कुठे माणसं उठली. ती बांधावर पोहोचली, तर तिथे आधीच कोणीतरी होतं. खाडीपलीकडून इनासने बांध खचताना पाहिला होता. तो आपल्या वस्तीची माणसं होडीत घालून आला होता आणि छातीभर पाण्यात उभा राहून खांडीत लाकडी मेढी ठोकत होता. मग सगळ्यांनी मिळून पेंढा आणि चिखल कोंबला. खांड बुजली. निम्म्या राशी वाचल्या.

चिखलाने माखलेला इनास होडीकडे निघाला. कारभाऱ्याला त्याला हाक मारायची होती. मनापासून मारायची होती. त्याने तोंड उघडलं, पण हाक बाहेर पडेना. होडी निघून गेली आणि तो तसाच तोंड उघडं टाकून काठावर उभा राहिला.

संध्याकाळी तो पाद्रीबाबांकडे गेला. म्हणाला, "मी एवढे उपास केले, एवढी प्रार्थना केली. आज स्वतःच्या भावाला हाक मारायची होती, तर आवाज निघाला नाही. माझ्यात कमी काय राहिलं?"

पाद्रीबाबा म्हातारे होते आणि इतकी वर्षं गप्प राहिल्याची त्यांना लाज वाटत होती. ते म्हणाले, "तुम्ही शिसं भरलंत, घासलंत, कातडं गुंडाळलंत. मी बघत राहिलो. प्रभू येशू डागडुजीचं काम घेत नाही, कारभारी. तो माणूस वितळवतो आणि नव्याने ओततो. आपल्या धर्मात नवा जन्म म्हणतात तो हाच."

"या वयात?"

"कांशाचं वय भट्टी विचारत नाही."

कारभाऱ्याने विचारलं, की हे मी करायचं कसं.

"तुम्ही करूच नका," पाद्रीबाबा म्हणाले. "घंटा स्वतःला ओतत नाही. तिने फक्त चौकटीवरून खाली यायचं असतं."

कारभारी चर्चमध्ये गेला. त्याला पाठ असलेल्या सगळ्या प्रार्थना त्या वेळी आठवेनाशा झाल्या. एवढंच म्हणाला, "माझ्याच्यानं होत नाही, प्रभू." आणि तो रडला. भावाला घालवल्यापासून तो पहिल्यांदाच रडत होता, म्हणून नीट रडताही येत नव्हतं.

ओताऱ्याला पुन्हा बोलावणं गेलं. अंगणात भट्टी पेटली. घंटा खाली उतरवली, आता ती फोडायची होती. ओताऱ्यांची रीत अशी, की ज्याच्या घराण्याचं नाव घंटेवर असेल, पहिला घाव त्यानेच घालायचा. कारभाऱ्याने घण उचलला. तोच घण. गाव भोवती उभं होतं.

"ही भेग मी पाडली," तो म्हणाला. "इनासची चूक एका दुपारची होती. माझी मी आजपर्यंत चालवली."

मग त्याने आजोबांच्या नावावर घाव घातला.

तुकडे मुशीत गेले. शिसं मिसळलेला भाग ओताऱ्याने बाजूला काढून टाकला, त्यामुळे धातू कमी पडला. घराघरातून जुनी कांशाची भांडी आली, फुटके पेले आले, चेपलेल्या वाट्या आल्या. तरीही थोडं कमीच. ओतारी म्हणाला, अजून एखादं घर राहिलंय का?

राहिलं होतं. सगळ्यांना माहीत होतं कोणतं. कारभारी कुणाला न पाठवता स्वतः होडीत बसला.

इनासची बायको दारात होती. थोरल्या दिराला पाहून तिने डोक्यावर पदर घेतला आणि आत सांगायला गेली. इनास बाहेर आला. कारभारी म्हणाला, "घंटेला कांसं कमी पडतंय. आणि मला भाऊ." बोलताना त्याचा आवाज फाटला, पण निघाला.

इनास आत गेला आणि आईचा थाळा घेऊन आला. भावाच्या हातात न देता तो स्वतःच थाळा घेऊन होडीत बसला.

"दादा, वल्हव," तो म्हणाला. "भट्टी थंड होईल."

जमिनीत पुरलेल्या साच्यात कांसं ओतलं. वर माती लोटली. गावाला घाई झाली होती, पण ओताऱ्याने कोणाला हात लावू दिला नाही. सावकाश निवायचं ते सावकाशच निवतं. रविवारी सकाळी माती उकरून साचा फोडला. आतून निघाली ती घंटा काळपट, खरखरीत होती. तिच्यावर कोणाचंही नाव नव्हतं. चौकटीवर चढवून दोरी ओढली, तर पहिल्याच टोल्याला खाडीपलीकडच्या वस्तीतली माणसं काठावर येऊन उभी राहिली.

गोष्ट इथे संपवली असती तर छान वाटलं असतं. पण घंटा नवी झाली हे एका टोल्यात कळतं, माणूस नवा झाला हे कळायला प्रसंग यावा लागतो. तो आला.

इनास गावात परत राहायला आला आणि त्याच्या घराची पाळी पुन्हा सुरू झाली. झोपाळू माणूस झोपाळूच. पुढच्या मोसमात, मीठ ऐन हाताशी आलेलं असताना, उघाडीपाशी त्याचा पुन्हा डोळा लागला. भरती आली. पाणी आत शिरलं.

कारभाऱ्याने ते दुरून पाहिलं आणि तो धावला. त्याला राग आला नाही असं नाही. आला, चांगला घशापर्यंत आला. पण पूर्वी आत जिथे तो राग मुक्काम ठोकायचा, ती जागाच त्याला सापडेना. कारभाऱ्याने आधी उघाडी बंद केली. मग इनासला हलवून उठवलं आणि दोघे घंटेकडे पळाले. तिथे घण कोपऱ्यात उभा होता. इनासची नजर घणावर गेली, आणि तो दोन पावलं मागे सरला.

कारभाऱ्याने दोरी धरली आणि ओढली. घंटा खणखणली. मिनिटभरात गाव घमेली, फावडी घेऊन धावत आलं. पाणी बाहेर काढायला माणसं भराभर आगरात उतरली. एका म्हाताऱ्याने धापा टाकत विचारलं, "पाळी कुणाची होती?"

इनासने मान खाली घातली.

"आमची," कारभारी म्हणाला. "आमचा डोळा लागला."

आणि धोतर खोचून तो सगळ्यांच्या आधी पाण्यात उतरला. अख्ख्या आयुष्यात पाळीवर तो एकदाही झोपला नव्हता, हे गावातल्या पोराटोरांनाही माहीत होतं. म्हाताऱ्याने घमेलं उचललं आणि तोही पाण्यात उतरला. थोडं मीठ गेलं, बरंच वाचलं.

तात्पर्य: वरून गुंडाळलेल्या कातड्याने भेग फक्त झाकली जाते, आवाज त्याचाच नवा होतो, जो स्वतःला देवाच्या भट्टीत वितळू देतो.