ओढण्याची रीत

"…पण बाई, रेणूंमधलं आकर्षण थोडं कमी धरलं तर बिघडलं कुठे?"

उकिडवे बाईंनी आपल्या संशोधक विद्यार्थ्याकडे चष्म्यावरून पाहिलं.

त्यांच्या प्रयोगशाळेत एक अजब रबर बनायचं. रबराच्या लांबलचक रेणूसाखळ्यांत काडीसारखे ताठ रेणू ओवलेले. हे रबर ताणलं की काड्या ताणाच्या दिशेने वळायच्या, आणि रबर फारसा विरोध न करता लांबत जायचं. शार्दूल कोयंडेने तेच रबर एकेक रेणू मांडून संगणकात रचलं होतं. सगळे त्याला हुशार म्हणत. त्यालाही ते पटलेलं होतं.

पण संगणकातलं रबर ताणलं की हटून बसे. काड्या वळतच नव्हत्या. त्याचा प्रबंध अडला होता.

"आकर्षणाचा तेवढा एक आकडा बदलतो," तो म्हणाला. "प्रयोगाशी तंतोतंत जुळेल."

"जुळेल… पण तुझं रबर तेच राहील?"

शार्दूलने मान खाली घातली.

बाईंनी खणातून खऱ्या रबराची पट्टी काढली. दुधासारखी पांढरी. एक टोक स्वतः धरलं, दुसरं त्याच्या हाती दिलं.

"ओढ."

त्याने हिसका दिला. पट्टी ताठरली आणि त्याच्या बोटांतून सटकली.

"चुकलं, बाई."

"असू दे. आता नुसती धरून ठेव."

त्याने धरली. बाई घरची विचारपूस करू लागल्या. आईचा गुडघा कसा आहे, झोप लागते का तुला… बोलता बोलता तो जरा सैलावला.

बाई थांबल्या. त्याने खाली पाहिलं. पट्टी चांगली लांबली होती, आणि आतल्या काड्या एका दिशेने वळल्यामुळे काचेसारखी नितळ झाली होती. पट्टीमागची बाईंची बोटं स्पष्ट दिसत होती.

"कधी ओढलीत?"

बाई नुसत्या हसल्या.

शार्दूलने आकड्याला हात लावला नाही. संगणकातलं रबर जरासं ओढायचं, मग रेणूंना निवांत होऊ द्यायचं, मग पुन्हा जरासं. आठवडे गेले. एका सकाळी पडद्यावर काड्या वळू लागल्या… एकीमागून एक.

तो धावतच बाईंकडे निघाला. दाराशी मात्र थबकला.

"वळल्या, बाई! पण… खऱ्या हाताच्या मानाने मी अजूनही कोट्यवधी पटींनी वेगात ओढतोय. संगणकात कितीही हळू केलं, तरी मी घाईतच."

बाईंनी समोरची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बस. इतकी वर्षं ओढतेय, तरी मीही अजून घाईतच आहे."