लेपांची वाट

सावरदांडे गावाला तीन बाजूंनी खाडीचा वेढा आणि चौथ्या बाजूला डोंगर. अशा आडगावी उंडीमहाराज कधी आले, कुठून आले, हे कुणालाच धड सांगता येत नाही. काठावरच्या जुन्या उंडीच्या झाडाखाली येऊन बसले, म्हणून उंडीमहाराज. अंगावर लंगोटी, शेजारी एक करवंटी. कुणी पेज आणून दिली तर प्यायची, नाही दिली तर खाडीकडे बघून हसायचं. मोठमोठे लोक दर्शनाला येत, नारळ फोडत, मनातलं सांगून जात. महाराज सगळ्यांचं ऐकत. पण वाट बघत ती भामीची!

भामी गाबिताची, म्हणजे मासेमाऱ्याची, विधवा. देवीच्या साथीत तिचा नवरा गेला आणि त्याच तापात तिचे दोन्ही डोळे गेले. पुढे काय खायचं हा प्रश्न तिने पायांना विचारला. पायांनी उत्तर दिलं ते लेपाचं. लेप म्हणजे भाकरीसारखा चपटा मासा. ओहोटीला पाणी गुडघ्यावर आलं की तो वाळूवर अंग टेकून, वरून चिखलाची पातळ चादर ओढून पडून राहतो. डोळसाला तो दिसत नाही. भामी पाऊल न उचलता तळवा घसटत घसटत पुढे सरके. तळव्याखाली गुळगुळीत अंग थरथरलं की पाय तसाच ठेवायचा, वाकायचं आणि हात सरकवून कल्ल्यामागे धरायचं.

यात भामीची एक रीत होती. पायाखाली लेप आला की ती आधी थांबून म्हणे, "महाराज!" मगच वाके. तेवढ्यात लेप निसटला तर निसटला. "तो माझो नव्हतोच," म्हणून ती पुढे जाई. दिवसाकाठी चारपाच मिळाले की पुरे. त्यातला एकही महाराजांना चालत नसे, तरी ती टोपली आधी उंडीखाली आणून त्यांना दाखवायची, आणि महाराजही एकेक लेप नीट निरखून "वा, भामे!" म्हणायचे. एकदा कुणीतरी तोंड वाकडं केलं, की हा कसला मासा, दोन्ही डोळे एकाच अंगाला. महाराज म्हणाले, "अरे, हा चिखलात लोळतो, पण दोन्ही डोळे वर लावून. तुझे कुठे असतात?"

या रीतीची सर्वांत जास्त टिंगल करायचा तो धाकोजी तांडेल. गावाच्या होड्यांचा म्होरक्या. हाताने खरा कसबी, पण तोंडाचा फटकळ, आणि आपल्याएवढं पाणी कुणालाच कळत नाही ही त्याची पक्की समजूत. काठावर पुरुष जमले की तो हटकून हाक मारी, "गे भामी, मासो धरतंस की वैदासारखी नाडी बघतंस?" सगळे हसत. भामीही हसे. तिला वाईट वाटत नसे असं नव्हे. पण हसण्याला पैसे पडत नाहीत, एवढं तिला ठाऊक होतं.

पौषात मात्र गोष्ट हसण्यावारी राहिली नाही. गावात कुणाला पाण्यात मरण आलं तर तीन दिवस होड्या काठावर ओढून ठेवायच्या, अशी सावरदांड्याची चाल. धाकोजीने ती गावबैठकीत पुढे केली. "आंधळ्या बायलेक खाडयेत सोडूची म्हणजे मराणाक आवतण! उद्या ही बुडली तर माझे होडये सुके पडतले. हिका घरात बसवा. गाव घालीत तिका दोन घास." बैठकीने माना डोलावल्या. गावचे दोन घास म्हणजे काय, ते खाणाऱ्यालाच माहीत. अमावस्येपासून भामीचं खाडीत उतरणं बंद ठरलं.

भामी चाचपडत उंडीखाली आली आणि पहिल्यांदाच महाराजांपुढे रडली. "महाराजांनू, डोळे गेले तेव्हा मी रडलंय नाय. आता ह्ये माझे पायव काढून घेतत."

महाराजांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. मग म्हणाले, "भामे, तू स्वतः जाऊन धाकोजीला सांग. म्हणावं, अमावस्येला माझ्याबरोबर एकदा खाडीत चल. माझं पाऊल कुठे चुकलं तर मी आपणहून घरी बसेन."

निरोप ऐकून धाकोजी खो खो हसला. पण चारचौघांत मिळालेलं आव्हान तो टाकणार थोडाच! अमावस्येला उजाडता उजाडता दोघं खाडीत उतरली. उधाणाची ओहोटी, पाणी पार लांब गेलेलं. मधला ओहळ ओलांडून भामी पलीकडच्या वाळूच्या पट्ट्यावर निघाली. ओहळात दोन्ही हाताला कंबरभर गाळ, मधून पावलापुरती घट्ट वाट. ती वाट भामीच्या तळव्यांना पाठ होती.

"पाय उचलू नकात, तांडेलांनू," ती मागे वळून म्हणाली. "घसटीत येवा."

"चाळीस वर्सां दर्यात काढलंय. माका चालूक शिकवतंस?" असं म्हणून तांडेल होडीच्या फळीवर टाकावीत तशी धपाधप पावलं टाकीत निघाला. खोल पाणी त्याच्याएवढं कुणाला कळत नव्हतं, हे खरंच. पण गुडघाभर पाण्यात तो जन्मात चालला नव्हता. घसटत जाणाऱ्या पायाची चाहूल लागली की वाळूत दडलेलं पाकट, म्हणजे शेपटीला विषारी काटा असलेला चपटा मासा, आपणहून बाजूला होतं. वरून पाय पडला तर शेपटीचा काटा मारतं.

आणि तसंच झालं! पट्ट्यावर पोचतात न पोचतात तोच धाकोजीची किंकाळी उठली. "मेलंय गे भामी! मेलंय!" काटा डाव्या घोट्यात शिरला होता. कळ मांडीपर्यंत चढली आणि तो धिप्पाड माणूस पाण्यात बसला. त्याच वेळी डोंगरावरून धुकं उतरलं. बघता बघता काठ गेला, झाडं गेली, स्वतःचा हातही दिसेना. आणि पाणी फिरलं. अमावस्येची भरती ती, धावतच आली.

भामीने त्याचा हात खांद्यावर घेतला. धुक्याचं तिला काय! पण तिची दिशा होती पाण्याच्या ओढीवर. जाताना ओहोटीचं पाणी उजव्या पोटरीला घासे, येताना डाव्या. आता भरती आणि ओहळ एकमेकांत मिसळून पाणी चहूकडून घोंगावत होतं, त्यात अंगावर पुरुषाचा भार. ओहळाच्या तोंडाशी येऊन तिने पाय पुढे केला, तो खाली गाळ. डावीकडे गाळ. उजवीकडे गाळ. तिची वाट हरवली होती! पाणी कंबरेला लागलं.

"भामी, माका सोड," धाकोजी म्हणाला. त्याचा आवाज एवढासा झाला होता. "तू हलकी आसस, तरशीत. जा गे."

"गप ऱ्हवा. धरा माका घट्ट." खाडी आपल्याला बंद होईल याची धास्ती तिच्या मनातून केव्हाच पुसली गेली होती. या माणसाला घरी बायको होती, एवढंच तिला आठवत होतं. तिने हात जोडले नाहीत; हात मोकळे होतेच कुठे! ती रोजच्यासारखं नुसतं म्हणाली, "महाराज!"

आणि पुढे केलेल्या तळव्याखाली गुळगुळीत अंग थरथरलं.

लेप! गाळात लेप कधी राहत नाही, त्याला खाली घट्ट वाळू लागते. भामीने तिथे भार दिला. जमीन बुडाली नाही. दुसरं पाऊल टाकलं, तिथेही लेप. तो पळाला नाही, तिचा तळवा अंगावर घेऊन पडून राहिला. तिसरा. चौथा. पाणी छातीशी आलं, धाकोजी एका पायावर लंगडत तिच्या मागोमाग, आणि पायाखाली एकापुढे एक लेपांची वाट!

"भामी," धाकोजी म्हणाला, "माझ्या पायाखालीव लेप हा."

"महाराजांनीच धाडल्यानी," ती म्हणाली. "हळू टाका पाय. त्येंका लागात."

काठाला लागली तेव्हा धुकं विरत होतं. बायकांनी पाणी तापवून आणलं, धाकोजीचा पाय कढत पाण्यात धरला, तशी कळ उतरू लागली. भक्तमंडळी सांगू लागली, की आज नवलच झालं. भजन ऐन रंगात आलं असताना महाराज एकाएकी वाळूवर पालथे पडले. अर्धी घटका हलले नाहीत, बोलले नाहीत. आता उठून झाडाला पाठ टेकून बसले होते, थोडे दमलेले.

धाकोजी दोघांच्या आधाराने उंडीखाली आला आणि महाराजांच्या पायांवर कोसळला. "चुकलंय, महाराजांनू!" महाराज त्याचा घोटा बघायला पुढे वाकले, आणि धाकोजीने डोकं वर केलं तेव्हा त्यांची उघडी पाठ त्याच्या डोळ्यांपुढे आली. पाठीवर खाडीचा ओला काळा चिखल होता. त्यात पावलं उमटली होती. दोन लहान, बायकी, आणि एक मोठं उजवं. पुन्हा दोन लहान, एक मोठं उजवं. मानेपासून कंबरेपर्यंत.

महाराजांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं. "तिला सांगू नकोस रे. उद्यापासून पाऊल टाकायला कचरेल, आणि मग मला करमायचं नाही."

धाकोजीने तो शब्द पाळला. भामी सुखाने म्हातारी होऊन गेली, तिचा बारावा झाला, त्यानंतरच त्याने हे गावाला सांगितलं. त्या सकाळी मात्र तो नुसता वळला आणि सगळ्या गावादेखत त्याने भामीच्या पावलांवर डोकं ठेवलं.

भामी गडबडली, पाय मागे घेऊ लागली. "ह्यां काय करतास, तांडेलांनू? चिखलान भरलेत ते!"

"असांदेत गे," धाकोजी म्हणाला, आणि तिच्या तळव्याचा चिखल बोटाने घेऊन त्याने आपल्या कपाळाला लावला.