हौदातलं निळं पाणी

एकदा एका रोपवाटिकेत सकाळी सव्वासहा वाजता सुगंधाच्या पोटात दुखायला लागलं. झाडांची विद्या शिकवणारे वृद्ध तात्या रेवतीच्या मोगऱ्याला हात लावून "वा, पोरी!" म्हणाले होते. दोघी शिष्या एकाच दिवशी आलेल्या. दिवाळीपर्यंत जिचा वाफा उत्तम, तिच्याच हाती तात्या रोपवाटिका सोपवणार होते.

त्याच दिवशी शेजारच्या हॉटेलातला पोहण्याचा तलाव रिकामा झाला. तात्यांनी ते पाणी आपल्या उघड्या हौदात घेतलं. अगदी काचेसारखं निर्मळ, निळसर! वाफे मात्र विहिरीच्या गढूळ पाण्यावर. तरी तात्या म्हणाले, "याला कुणी हात लावायचा नाही."

"रेवतीसाठीच राखलंय," सुगंधाच्या मनात आलं. "लाडकी ना ती!"

दुपारी सगळे जेवायला बसले, तेव्हा तिने हौदाची तोटी सोडली आणि पाटाने सगळं पाणी स्वतःच्या वाफ्यात घेतलं.

तिसऱ्या दिवशी तिच्या मोगऱ्याच्या पानांच्या कडा करपल्या, कळ्या गळाल्या. मातीवर गांडुळं मरून पडली.

रेवती धावत आली. "अगं, काय घातलंस?"

"तुझ्या वाटणीचं पाणी. हस आता!"

"हसते कसली? बादली आण आधी. विहिरीचं पाणी भरपूर सोडू, मुळं तरी वाचतील."

तात्या वाफ्याशी बसले. "ते पाणी कुणाच्याच वाटणीचं नव्हतं, पोरी. त्यात जंतू मारायला क्लोरीन घालतात. ते मातीतलं चांगलंवाईट ओळखत नाही. म्हणून मी ते आठ-दहा दिवस उघडं, उन्हात ठेवतो. उग्र वास गेला की आधी गवतावर घालून पाहतो, मगच झाडांना. हेव्याचंही तसंच. तो माझ्याही मनात येतो. पण आला तसा ओतायचा नाही. उघड्यावर ठेवायचा, म्हणजे त्याचा जोर उतरतो."

"आणि रोपवाटिका?" सुगंधाने खालमानेने विचारलं.

"रेवतीची. तुझा वाफा दिवाळीपर्यंत काही सावरत नाही."

तिला फार लागलं. पण मग ती सगळ्यांदेखत म्हणाली, "रेवती, मला तुझा हेवा वाटतो गं."

"मला तुझ्या कलमांचा वाटायचा," रेवती म्हणाली. "तुझ्यासारखी गुलाबाची कलमं मला कुठे जमतात? उद्यापासून शिकव. आता धर ही बादली."

दोघी अंधार पडेपर्यंत पाणी घालत राहिल्या.

तुमच्या जवळपास कुणी तलावाचं पाणी तसंच बागेत किंवा ओढ्यात सोडत असेल, तर त्यांना एवढं जरूर सांगा. आपली लेकरं त्याच मातीत खेळतात.